पदार्थांची पारख : रंग एक, गुण अनेक

शेतकऱ्याच्या कोठीत फळीवर पाच पुरचुंड्या मांडल्या आहेत अशी कल्पना करू. एकीत मीठ, दुसरीत युरिया, तिसरीत जिप्सम, चौथीत चुनखडी आणि पाचवीत कालव्याकाठच्या शेतातून खरवडून आणलेला खार आहे. पाचही पदार्थ बारीक कुटलेले असून पाचही पांढरे आहेत. पुरचुंड्यांवरील चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या, तर कोणत्या पुरचुंडीत काय आहे हे केवळ डोळ्यांनी पाहून सांगता येईल काय? आमच्या मते येणार नाही. आणि न येणे हे लहानसहान नुकसान नव्हे. यांतील एक पदार्थ पिकास पोसतो, एक पिकास जाळतो, एक चोपण जमीन सुधारतो, आणि एक त्याच जमिनीत गाड्या भरभरून ओतला तरी काडीचाही उपयोग होत नाही. सबब पदार्थ ओळखावा कसा, हा प्रश्न शाळेतील मुलांचाच नसून आपल्या पदरच्या पैशाचा आहे. त्याविषयी चार गोष्टी या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

भौतिक गुण म्हणजे काय?

रंग, वास, कठीणपणा, जडपणा, पाण्यात विरघळणे, उष्णतेने वितळणे इत्यादी गुण असे आहेत की, त्यांची परीक्षा करताना पदार्थ बदलून दुसरा होत नाही. मीठ पाण्यात विरघळले तरी ते मीठच राहते. पाणी आटविले की ते पुन्हा हाती लागते. अशा गुणांस भौतिक गुण म्हणतात. उलट, चुनखडीवर लिंबाचा रस टाकला असता ती फसफसते, तेव्हा तिचा काही भाग कायमचा नष्ट होऊन त्याचे वायू व दुसरे पदार्थ बनतात. हा रासायनिक गुण होय.

भौतिक गुणांतही दोन जाती आहेत. वजन व आकारमान हे पदार्थ किती आहे त्यावर अवलंबून असतात, म्हणून त्यांवरून पदार्थ ओळखता येत नाही. पन्नास किलो मीठ असू शकते आणि पन्नास किलो युरियाही असू शकतो. परंतु पदार्थ किती उष्णतेस वितळतो, ठराविक पाण्यात किती विरघळतो, किंवा त्याच्या एका मापाचे वजन किती भरते, हे चिमूटभर घेतले काय आणि पोतेभर घेतले काय, सारखेच राहते. ओळख पटवावयाची ती या दुसऱ्या जातीच्या गुणांवरून. त्यातही एका गुणावर विसंबणे धोक्याचे. दोन-तीन गुणांची साक्ष एकमेकांशी जुळली म्हणजे मगच निर्णय करावा.

मोजणीखात्याचा जुना धडा

ही रीत आपल्या भागास नवीन नाही. महसुलाच्या दप्तरात आमचे आयुष्य गेले असल्याने तेथील एक दाखला देतो. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२७ नंतरच्या काही वर्षांत, प्रिंगल साहेबांनी दख्खनमध्ये शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसविण्याचा प्रयत्न केला. तो हिशेब जमिनीशी जुळला नाही. त्यात दुष्काळाची व पडलेल्या भावांची भर पडली आणि आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या इंदापूर भागात पुष्कळ जमीन पडीक पडली. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच नव्याने मोजणी व प्रतबंदी आरंभिली. तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्र करण्यात आले.

या प्रतबंदीत ‘जमीन बरी’ किंवा ‘जमीन हलकी’ असा मोघम शेरा चालत नसे. मातीचे कण बारीक की भरड, रंग काळा, तांबडा की करडा, आणि खोली किती हात, असे पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरविल्या जात व त्यांची किंमत आण्यांत मांडली जाई. त्यानंतर दोष पाहावयाचे : मातीत चुनखडीचे खडे आहेत काय, वाळू मिसळली आहे काय, उतार आहे काय, माती घट्ट धरते की सुटी पडते, पाणी आत मुरते की वर साचते. दोष आढळला की प्रत खाली उतरे. सातबारावरील ‘आकार’ हा शब्द आपण आजही वाचतो, त्याच्या मुळाशी हे निरीक्षण आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, केवळ काळ्या रंगावर कोणत्याही शेतास सोळा आणे मिळत नसत. काळ्या रंगाच्या जोडीस बारीक कण, पुरी खोली आणि निर्दोषपणा, इतक्यांची साक्ष लागे.

काळेपणा म्हणजे कस नव्हे

आपल्याकडे ‘काळी ती कसदार’ अशी समजूत आहे, ती पूर्ण खरी नाही. सोलापूरच्या खोल काळ्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य बहुधा थोडेच असते, तिचा रंग मात्र गर्द दिसतो. तिचा खरा गुण तिच्या चिकणमातीत आहे. ही माती पाणी प्याली की फुगते व वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात भुईस हात-हात खोल भेगा पडतात. हाच फुगण्याचा गुण पावसाचे पाणी धरून ठेवतो व त्यावर आपली रब्बी ज्वारी पोसते. कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी १९३३ साली सोलापूर येथे संशोधन केंद्र निघाले, ते अशाच जमिनीत ओल कशी राखावी हे शोधण्यासाठी.

चिकणमाती किती आहे हे बोटांनी पाहता येते. माती ओली करून चांगली मळावी व तळहातावर वळावी. लांब वळी निघून तिचे न तुटता कडे झाले तर चिकणमाती भरपूर समजावी. वळी तुटू लागली तर मध्यम, आणि वळीच होईना तर वाळू किंवा मुरूम अधिक आहे असे जाणावे.

खारवट आणि चोपण

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले व भीमेचे पाणी कालव्यांनी फिरले, तेव्हा जिल्ह्याचे भाग्य पालटले यात शंका नाही. परंतु जेथे पाणी अधिक आणि निचरा कमी, तेथे जमिनी बिघडण्याची भीतीही त्याबरोबरच आली. बिघाड मुख्यत्वे दोन तऱ्हेचा असतो. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साठतात व वर पांढरे फूल येते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो. अशी जमीन ओली असता बुळबुळीत, वाळली असता दगडासारखी, आणि पाणी पिण्यास नाखूष असते. दोहोंचे उपाय निरनिराळे आहेत. खारवट जमिनीस चर काढून चांगल्या पाण्याने धुऊन काढणे पुरते. चोपण जमिनीस आधी जिप्सम किंवा तत्सम पदार्थ देऊन सोडियम सुटा करावा लागतो व मगच ती धुवावयाची असते.

आम्ही स्वतः येथे चुकलो, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. आमच्या शेताच्या सखल कोपऱ्यात पांढरे फूल आले. पांढरे दिसले, म्हणजे खारवट, असे ठरवून आम्ही लागोपाठ दोन वर्षे तो कोपरा पाण्याने धुतला. फूल नाहीसे झाले, पण जमीन अधिकच आवळली. तिसऱ्या वर्षी तेथे पेरलेले उगवले नाही आणि पावसाचे पाणी आठ-आठ दिवस तळ्यासारखे उभे राहू लागले. मृद चाचणीत उघड झाले की त्या मातीत दोन्ही दोष होते. आम्ही वरचे क्षार धुऊन टाकले, सोडियम मात्र जागीच ठेवला. क्षारांनी मातीचे कण एकत्र धरले होते. क्षार जाताच कण सुटले व मातीची छिद्रे बुजली. पाण्याचे व मजुरीचे पैसे गेले ते गेलेच, शिवाय बिघाड आम्ही आमच्याच हातांनी वाढविला.

जी परीक्षा आम्ही तेव्हा केली नाही, ती अशी. काचेच्या तीन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकीत शेतातील चांगल्या जागेची, दुसरीत पांढरे फूल आलेल्या जागेची व तिसरीत पाणी साचणाऱ्या जागेची वाळलेली माती मूठभर घालावी. प्रत्येकीत मातीच्या पाचपट पावसाचे साठविलेले पाणी ओतून बाटली हलवावी व रात्रभर स्थिर ठेवावी. विहिरीचे पाणी घेऊ नये, कारण त्यातील क्षार माती खाली बसवितात व परीक्षा फसते. सकाळी जिच्यातील पाणी वर निवळशंख दिसेल, त्या मातीत क्षार असण्याचा संभव आहे. जिच्यातील पाणी चांगल्या मातीच्या बाटलीपेक्षा फार गढूळ राहील, ती चोपण असण्याचा संभव आहे. परंतु निवळ पाणी पाहून लगेच समाधान मानू नये. ते पाणी हळूच ओतून टाकून पुन्हा पावसाचे पाणी घालावे, हलवावे व ठेवावे. असे दोन-तीन वेळा केल्यावर जर पाणी गढूळच राहू लागले, तर क्षारांच्या आड चोपणपणा लपला आहे असे समजावे. आमच्या कोपऱ्याची कहाणी एका बाटलीत तीन दिवसांत कळली असती.

जिप्सम की चुनखडी?

चोपण जमिनीसाठी जिप्सम विकत घेताना दुसरी फसगत संभवते. जिप्सम आणि चुनखडीची भुकटी दिसण्यात जुळ्या बहिणी आहेत. परंतु आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत चुनखडी आधीच भरपूर असते व ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा चोपण जमिनीत आणखी चुनखडी टाकणे म्हणजे नदीत घागर ओतणे होय.

दोहोंतील भेद असे. पदार्थ खड्याच्या रूपात असेल तर नखाने ओरखडावा. जिप्समवर नखाचा ओरखडा उठतो, चुनखडीवर उठत नाही. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोह्स यांनी १८१२ साली कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची श्रेणी बांधली, तीत जिप्सम दुसऱ्या व चुनखडीचे मूळ खनिज कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर आहे. आपले नख त्या दोहोंच्या मधे बसते. भुकटी असेल तर कठीणपणा पाहता येत नाही. तेव्हा एक लिटर पावसाच्या पाण्यात एक ग्रॅम भुकटी घालून वरचेवर ढवळीत राहावे. जिप्सम लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतो, म्हणून तो काही वेळाने दिसेनासा होईल. चुनखडी तळाशी तशीच राहील. तिसरी परीक्षा उष्णतेची. उन्हात चांगली वाळविलेली भुकटी पळीत घेऊन तापवावी व वर थंड काच धरावी. जिप्सममध्ये पाणी बांधलेले असते, ते सुटून काचेवर थेंब धरतात. चुनखडीतून धरत नाहीत. याखेरीज लिंबाच्या रसाने फसफसते ती चुनखडी, ही रासायनिक परीक्षा आहेच. बाजारच्या जिप्सममध्ये थोडी माती किंवा चुनखडी असू शकते, म्हणून चार बुडबुड्यांवरून घाबरू नये. भुकटी भराभर उकळल्यासारखी फसफसली तर मात्र सावध व्हावे.

खते : पाण्यात आणि तव्यावर

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असतो. त्याचे दाणे पांढरे, गोल व साधारण सारख्या आकाराचे असतात. २०१५ पासून त्यास कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देणे सक्तीचे झाल्याने रंगात किंचित फरक दिसल्यास नवल नाही. त्यात मीठ मिसळले आहे की काय हे दोन गुणांवरून कळते. शंभर मिलिलिटर पाण्यात पन्नास ग्रॅम युरिया घालून ढवळला असता सर्व विरघळतो आणि पेला हातास स्पष्ट गार लागतो. तितकेच मीठ घातले तर सुमारे ३६ ग्रॅम विरघळून बाकीचे तळाशी उरते व पेला तसा गारठत नाही. दुसरी परीक्षा तव्याची. युरिया १३३ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो, मिठास त्यासाठी ८०१ अंश लागतात व आपली चूल तव्यावर तितकी उष्णता देऊ शकत नाही. म्हणून तापल्या तव्यावर युरियाचे पाणी होते व जाळ वाढविला की त्याचा मागमूस राहत नाही. मीठ तडतडते आणि जागीच राहते. तव्यावर काही उरले तर त्या युरियात अन्य पदार्थ मिसळला आहे असा संशय घ्यावा.

डीएपी खताचा रंग काळा, तपकिरी किंवा फिकट असा निरनिराळा असतो, म्हणून रंगावरून निवाडा करूच नये. त्याचे दाणे कठीण असून नखाने सहज फुटत नाहीत. मंद आचेवर तव्यात तापविले असता ते फुगतात. सुपर फॉस्फेटचे दाणे तसे फुगत नाहीत. डीएपीत शेकडा १८ भाग नत्र व ४६ भाग स्फुरद असते आणि साध्या सुपर फॉस्फेटात स्फुरद अवघे १६ भाग, नत्र मुळीच नाही. तेव्हा एकाच्या जागी दुसरे घेणे किती महाग पडेल हे सांगावयास नको. याखेरीज तंबाखूप्रमाणे डीएपीचे चार दाणे तळहातावर चुना लावून चोळले तर नाकास झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो. हा रासायनिक गुण आहे, परंतु साक्ष चांगली देतो. पोटॅश खत तांबडे व पांढरे अशा दोन्ही रंगांत मिळते; तांबडेपणा लोहाच्या अंशाचा असतो, पोटॅशचा नव्हे. म्हणून रंग बदलला एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही.

जडपणाची परीक्षा आणि तिची मर्यादा

एका मापात मावणाऱ्या पदार्थाचे वजन, म्हणजे त्याची घनता, हाही ओळखीचा मोठा गुण आहे. अर्गट रोगाच्या काळ्या गाठी बाजरीच्या बियाण्यात मिसळतात, त्या निवडणे डोळ्यास अवघड जाते. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतले म्हणजे हलक्या गाठी व पोचट दाणे वर तरंगतात आणि भरलेले दाणे तळाशी जातात. वरचे काढून नष्ट करावे. खालचे बी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. साध्या पाण्यात ज्या गाठी बुडू शकतात, त्या मिठाच्या जड पाण्यात वर येतात, ही त्यातील युक्ती होय.

परंतु हाच गुण एकटा घेतला तर कसा फसवितो, याचे उदाहरण रोजच्या दुधाचे आहे. दुधात पाणी घातले की दूध हलके होते व दुग्धमापक त्यात अधिक बुडतो. उलट, साय काढली की दूध जड होते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. जो मनुष्य आधी साय काढतो व मग बेताने पाणी घालतो, त्याच्या दुधात दुग्धमापक पूर्वीच्याच खुणेवर उभा राहतो! मापक खोटे बोलत नाही. त्यास एकच प्रश्न विचारला, म्हणून त्याने एकच उत्तर दिले. स्निग्धांशाची दुसरी परीक्षा केली की चोरी उघड होते. म्हणूनच डेअरीत दोन्ही आकडे पाहतात.

हाताच्या परीक्षेची हद्द

काही पदार्थ असे आहेत की त्यांचे भौतिक गुण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. झिंक सल्फेट व मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही पांढरे, दोन्ही स्फटिकी आणि दोन्ही पाण्यात विरघळणारे. येथे डोळा, बोट आणि पेला तिन्ही हात टेकतात. डीएपीचे गाळलेले पाणी झिंक सल्फेटच्या पाण्यात ओतले तर दह्यासारखा साका धरतो, मॅग्नेशियम सल्फेटच्या पाण्यात तसा धरत नाही. पण हा भेद रासायनिक आहे. आणि खतात नत्र ४६ भाग आहे की ४०, हे कोणतीही घरगुती परीक्षा सांगत नाही. ते काम प्रयोगशाळेचे.

याकरिता वाचकांनी पुढील क्रम ठेवावा असे आम्ही सुचवितो. खात्रीच्या खताचा, जिप्समचा व आपल्या चांगल्या जमिनीच्या मातीचा थोडा नमुना बुचाच्या बाटल्यांत घालून, चिठ्ठी बाटलीच्या आत व बाहेर दोन्हीकडे लावून, जपून ठेवावा. नवीन माल आला की त्याची त्या नमुन्याशेजारी ठेवून परीक्षा करावी. तुलनेवाचून केलेली परीक्षा अर्धीच होय. किमान तीन गुण पाहावे व ते वहीत तारखेसह टिपावे. तव्याची परीक्षा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या तव्यावर करावी. खत जिभेस कधीही लावू नये. संशय आल्यास उरलेली पोती शिवणीसह तशीच ठेवून, पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावे. खत नियंत्रण आदेश १९८५ अन्वये निरीक्षकाने रीतसर काढलेला नमुनाच पुरावा म्हणून चालतो; आपला तवा आपणास सावध करतो, दुकानदारास दोषी ठरवीत नाही. जमिनीच्या बाबतीत जिप्सम एकरी किती द्यावा हे मृद चाचणीच्या अहवालावरूनच ठरवावे.

या सर्व साधनांस खर्च किती? तीन बाटल्या, एक पेला, एक जुना तवा, दोन लिंबे आणि साठविलेले थोडे पावसाचे पाणी. आमच्या त्या कोपऱ्यास पुढे चर काढून व चाचणीप्रमाणे जिप्सम देऊन पुन्हा वाफशावर आणण्यास चार वर्षे लागली. आता तेथे ज्वारी उभी राहते, पण बांधाजवळचा एक पट्टा अद्याप पाणी नीट पीत नाही. त्या पट्ट्याची माती आम्ही दरसाल बाटलीत घालून पाहतो. यंदा पाणी पूर्वीपेक्षा लवकर निवळले आहे. तथापि ते दोनदा ओतून पुन्हा भरल्यावाचून आम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही.